शेऱ्याचा रकाना

त्रेचाळीस रकान्यांतून मी नऊच ठेवले, तेव्हा प्रभुणे सरांनी अख्ख्या विभागाला पेढे वाटले होते. "वीणा, थोडक्यात गोडी असते हे तुला कळलं. लोकांना कळायला जन्म जातो," असं म्हणून त्यांनी पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, स्वतःवर बेहद्द खूश असलेली संख्याशास्त्रज्ञ होते. आता पेढ्याचा नुसता वास आला तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

ही गोष्ट २०३८ सालची. त्याच्या आदल्या वर्षी सर्पदंशावरचं नवं औषध आलं होतं. जुनं औषध घोड्याच्या रक्तापासून काढत. ते दिलं की कुणाला गांधी उठायच्या, कुणाचा श्वास अडायचा, म्हणून डॉक्टर समोर असल्याशिवाय ते द्यायची सोय नव्हती. नवं औषध प्रयोगशाळेत तयार केलेल्या प्रतिपिंडांचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच कुपी. दंडावर टोचायची, आणि ते काम उपकेंद्रातली नर्स किंवा शिकवून तयार केलेली आशाताईही करू शकायची.

अडचणी दोनच होत्या. औषध फार थोडं बनायचं, आणि खेड्यातल्या छोट्या शीतपेटीत ते एकवीस दिवसांवर टिकायचं नाही. म्हणजे साप जिथे चावणार तिथे कुपी आधीच पोचलेली हवी, आणि जिथे चावणार नाही तिथे ती वाया घालवायची नाही. साप काही कळवून येत नाही. तेव्हा येत्या एकवीस दिवसांत कुठल्या वाडीत किती दंश होतील याचा अंदाज बांधायचा, आणि त्या अंदाजाबरहुकूम ड्रोननं कुप्या हलवायच्या, अशी योजना ठरली. अंदाज बांधायचं काम आमच्या पुण्याच्या संस्थेकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

पद्धत जुनीच होती, रिग्रेशन. एका बाजूला मागच्या वर्षांचे दंश, दुसऱ्या बाजूला दंशांशी संबंध असेल असं वाटणारी प्रत्येक गोष्ट: पाऊस, दमटपणा, भाताचं क्षेत्र, गोठा घरापासून किती अंतरावर, घर मातीचं की पक्कं, रात्री दिवा असतो का. प्रत्येक गोष्टीचा एक रकाना. यंत्र प्रत्येक रकान्याला वजन देतं, म्हणजे हा आकडा एकानं वाढला तर दंश कितीनं वाढतील ते सांगतं. सगळी वजनं लावून बेरीज केली की पुढचा अंदाज निघतो.

आता कुणीही म्हणेल, मग घाला की सगळे त्रेचाळीस रकाने. इथेच आमची विद्या आडवी येते. रकाने जास्त झाले की यंत्र मागच्या वर्षांची घोकंपट्टी करतं आणि पुढच्या वर्षी नापास होतं. म्हणून आम्ही प्रत्येक जादा रकान्याला गुणांचा दंड लावतो. जो रकाना दंडापेक्षा जास्त कमावून देत नाही, त्याला बाहेरचा रस्ता.

शेवटी दोनच रकान्यांचा निर्णय उरला. एक, घर मातीचं आहे का. दुसरा, घरातली किती माणसं जमिनीवर झोपतात. दोन्ही ठेवले की दोघांचीही वजनं डळमळायची. कारण साधं होतं. ज्या घरांत माती, त्याच घरांत माणसं खाली झोपणारी. दोन भाऊ कायम मिळूनच पोतं उचलत असतील तर कुणाच्या अंगात बळ किती, ते बघणाऱ्याला कसं कळणार? अशा वेळी एकाला घरी पाठवायचं. जो राहतो तो दोघांचं ओझं आपल्या नावावर घेतो, आणि अंदाजात काडीचा फरक पडत नाही. मी झोपायचा रकाना काढला. मातीच्या घराची माहिती सरकारी नोंदीत आयती मिळत होती, झोपायचं मात्र घरोघर जाऊन विचारावं लागायचं. यंत्राचे गुण वाढले. पेढे वाटले गेले ते त्याच दिवशी.

आठवड्याभरात एक फोन आला.

"मॅडम, मी सुवर्णा डवरी बोलतोय, हुंबरवडीची आशा." कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी ती स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखं बोलायची. नव्या प्रश्नावलीच्या तळाशी शंकांसाठी माझा नंबर दिला होता, आणि साऱ्या जिल्ह्यातून तो वापरणारी ही एकटीच. "त्यो झोपायचा प्रश्न का काढलासा?"

"अहो ताई, तुमचंच काम कमी केलं," मी हसत म्हटलं. "घर मातीचं आहे हे कळलं की ते कळतंच."

"कसं कळतंय?"

"आकड्यांवरून."

"मण्यार घराच्या भिती बघून चावत न्हाई, मॅडम. ती आंथरुणात येती. कोण खाली हाय, तेवढंच बघती."

"बरोबर आहे तुमचं. पण दोन्हींचं उत्तर एकच येतं, मग दोनदा का विचारायचं?"

"बरं. तुमी शिकलेली माणसं," ती म्हणाली. "शेऱ्यात लिवलं तर चालंल न्हवं?"

प्रश्नावलीच्या शेवटी शेऱ्याचा एक मोकळा चौकोन होता. सरकारी कागदाला तो असतोच. "हो हो, शेऱ्यात काय वाटेल ते लिहा," मी म्हणाले आणि फोन ठेवला. शेरा म्हणजे शब्द. आमचं यंत्र फक्त आकडे वाचायचं, हे मी तिला सांगितलं नाही. सांगावंसं वाटलंच नाही, हे जास्त खरं.

पुढची दोन वर्षं आमची होती. डोंगरी तालुक्यांतले सर्पदंशाचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. चारशे बारा माणसं वाचली असा हिशेब निघाला आणि तो खोटा नव्हता. सात राज्यांनी आमचं नऊ रकान्यांचं यंत्र मागितलं. प्रभुणे सर निवृत्तीला आले होते. आयुष्यभर फळ्यावर लिहिलेलं काहीतरी माणसांच्या उपयोगी पडलं म्हणून ते लहान मुलासारखे हरखले होते. त्यांचा तो आनंद मी जवळून पाहिला आहे, म्हणून पुढे जे घडलं त्यात त्यांना खलनायक ठरवणं मला जमत नाही.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात हुंबरवडीच्या एक्केचाळीस घरांना घरकुलं मिळाली. सिमेंटच्या भिंती, फरशी, आणि घरटी एक लोखंडी खाट. सरकारी नोंदीत मातीच्या घरांचा आकडा एका दिवसात शून्यावर आला. यंत्रानं वजनं लावून बेरीज केली आणि वाडीचा धोका जवळजवळ नाहीसा झाल्याचं सांगितलं. जूनच्या पहिल्या फेरीत ड्रोन आला आणि शीतपेटीतल्या चारही कुप्या घेऊन गेला. यंत्र दर तीन आठवड्यांनी नवं शिकतं, असं आम्ही अभिमानानं सांगायचो. पण शिकायला त्याला नवे दंश लागतात.

दंश झाला ऑगस्टच्या तेवीस तारखेला. दीपा पाटील, वय सव्वीस. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठली. मण्यार चावल्याचं कळतसुद्धा नाही, मुंगी चावल्याइतकंही नाही. नवऱ्यानं, उत्तमनं, सुवर्णाताईला बोलावून आणलं. पापण्या मिटायला लागलेल्या पाहून तिनं काय ते ओळखलं. ड्रोन ढगात उडत नाहीत, आणि त्या दिवशी सगळं खोरं ढगात होतं. सर्वांत जवळच्या कुप्या ग्रामीण रुग्णालयात, अडतीस किलोमीटरवर. घाटातच दीपाचा श्वास थांबला. पाच वर्षांची मुलगी तिच्याच कुशीत झोपली होती, तिला काही झालं नाही.

चौकशी नेमली गेली. आठ दिवसांनी प्रभुणे सरांनी मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि संस्थेनं चौकशी समितीला द्यायच्या खुलाशाची तीन पानं पुढे सरकवली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: क्षेत्रीय कर्मचाऱ्याने जोखमीतील बदल कळवला नाही.

"सर, हे म्हणजे सुवर्णा डवरी?"

"नाव नाही घातलेलं."

"वाडीत आशाताई एकच असते."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "वीणा, पुढच्या महिन्यात सात राज्यांत सुरू होतंय. उद्या छापून आलं की यंत्रानं औषध काढून नेलं आणि बाई मेली, तर सातही राज्यं मागे फिरतील. इथलंसुद्धा बंद पडेल. मग किती मरतील त्याचा अंदाज तूच बांध, तुझंच काम आहे ते. तिचं एक काम जाईल. तिला दुसरीकडे लावू, मी स्वतः शब्द टाकतो."

त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, हाच त्रास होता. एका पारड्यात चारशे बारा आणि पुढचे हजारो, दुसऱ्यात एक बाई. शिवाय खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत होती. माझं नाव, माझी खुर्ची, सगळं त्या नऊ रकान्यांवर उभं होतं. मी सही केली. नेहमीसारखी, खाली रेघ मारून.

सुवर्णाताईचं काम थांबवल्याचं पत्र चार दिवसांत निघालं. त्यानंतर तिचा फोन आला. आता शिव्या बसणार म्हणून तयारीतच फोन उचलला.

"मॅडम, एकच इचारायचं हुतं. मी शेरा लिवत हुतो, त्यो तुमी वाचलासा का?"

"कसला शेरा?"

"तुमीच म्हणालासा न्हवं, शेऱ्यात लिव म्हणून? दर फेरीला लिवलंय. लोक आता दारात येऊन म्हणत्यात, तू कळवलं न्हाईस म्हणून आमची पोर गेली. मी म्हणतोय, कळवलं हुतं. पुण्याच्या मॅडमास्नी म्हाईत हाय. म्हणून इचारलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी खोटं बोलणार नाही अशी तिची खात्री होती, आणि ती मला रागापेक्षा जड गेली. बघून सांगते म्हटलं.

शेऱ्याची फाईल मागवायला अर्धा दिवस गेला, कारण ती कुठे साठवतात हेच कुणाला माहीत नव्हतं. माझ्या मदतनीसानं शोधून दिली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, ही आजपर्यंत एकदाही उघडलेली नाही." हुंबरवडी काढली. मे महिन्यापासून पाच फेऱ्या. एक्केचाळीसपैकी अडतीस घरांपुढे प्रत्येक फेरीला तेच: "पक्के घर. खाटेवर भाताची पोती. माणसे खालीच झोपतात." एकशे नव्वद वेळा. जुलैमध्ये काही ठिकाणी भर होती: "उंदीर झालेत." "दारात कात सापडली." पाटलांच्या घरापुढे दीपा जाण्याच्या बारा दिवस आधीची नोंद होती: "तिघेही खाली. खाट मोकळी करा म्हणून सांगितले. फरशीला ओल येते, भात भिजेल म्हणतात."

मी ते वाचत बसले. त्या खोऱ्यात खाट ही माणसाची नसतेच मुळी. ती बाळंतिणीची, आजाऱ्याची, नाहीतर पाहुण्याची. घरचं माणूस वाकळ टाकून खाली झोपतं. वर्षाचा भात ओलीला लागू नये म्हणून नव्या घरात सरकारी खाटेवर पहिला मान पोत्यांना मिळाला. पोत्यांमागे उंदीर आले, उंदरांमागे मण्यार. माझ्या दोन भावांपैकी मातीच्या घराचा भाऊ गाव सोडून गेला होता आणि खाली झोपण्याचा एकटाच पोतं उचलत होता. त्याचं नावच माझ्या यादीत नव्हतं.

चौकशी समितीपुढे मी न बोलावता गेले. अध्यक्ष म्हणून निवृत्त सनदी अधिकारी होत्या, कर्णिकबाई. बाजूला दोन डॉक्टर आणि भिंतीकडच्या खुर्चीवर प्रभुणे सर. मी माझी सही मागे घेत असल्याचं सांगितलं आणि एकशे नव्वद शेरे टेबलावर ठेवले. रकाना का काढला तेही सांगितलं. दोन भावांचं उदाहरणही दिलं.

"म्हणजे ही तांत्रिक मर्यादा म्हणायची," कर्णिकबाई म्हणाल्या. मला वाट काढून देत होत्या. "तेव्हाच्या माहितीवर कुणीही हाच निर्णय घेतला असता. बरोबर?"

"परीक्षेत उत्तर लिहायचं असतं, तर बरोबर."

"त्या वेळी कुणी हरकत घेतली होती का?"

तो फोन कुठेही नोंदलेला नव्हता. तो मला माहीत होता आणि अडतीस घरांचे शेरे लिहिणाऱ्या त्या बाईला. तिला तर समितीनं बोलावलंसुद्धा नव्हतं. 'नाही' म्हटलं असतं तर मी अजूनही प्रामाणिक चूक केलेली एक हुशार बाई राहिले असते.

"हो," मी म्हणाले. "सुवर्णा डवरींनी घेतली होती. मण्यार भिंत बघून चावत नाही, असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात फोन करून सांगितलं होतं. मी त्यांना शेऱ्यात लिहा म्हटलं. शेरा कुणी वाचत नाही हे मला माहीत होतं."

प्रभुणे सर उठले आणि बाहेर गेले. आम्ही त्यानंतर बोललेलो नाही.

सुवर्णाताईचं काम तिला परत मिळालं, दोन ओळींच्या पत्रानं. तिच्यावर फोडलेलं खापर कुठल्या ओळीत उचललं आहे ते मी पत्रात शोधलं, सापडलं नाही. झोपायचा रकाना परत आला. मला यंत्राच्या कामातून काढून ग्रंथालयाच्या समितीवर टाकलं. सातांपैकी दोन राज्यांनी माघार घेतली. त्या दोन राज्यांत या पावसाळ्यात किती माणसं गेली असतील याचा अंदाज मला बांधता येतो. मी तो अजून बांधलेला नाही, आणि आपण केलं ते बरोबरच केलं असं छातीवर हात ठेवून म्हणायची हिंमत मला होत नाही. रोज आठवतात ते उरलेले तेहेतीस रकाने. मी काढलेले. त्यांच्यामागे कोण उभं आहे, मला ठाऊक नाही.

नोव्हेंबरात रजा टाकून मी हुंबरवडीला गेले. सुवर्णाताई पन्नाशीची, बारकी, पायात रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी. तिनं मला पाणी दिलं. मी माफी मागितली. तिनं ती ऐकून घेतली आणि म्हणाली, "माझ्याजवळ कशाला मागतासा? माझं काम मिळालं मला. आज फेरी हाय. चला संगं. लई दिवस उंटावरून शेळ्या हाकलासा, आता दोन घरं हिंडा."

तिनं प्रश्नावली माझ्याच हातात दिली. वाडीत माझं नाव कळलेलं होतं. बायका दारातूनच उत्तरं देत होत्या, आत या कुणी म्हणत नव्हतं. अकरावं घर उत्तम पाटलांचं. सुवर्णाताई आत शिरली म्हणून मीही शिरले. तिनं सांगितलं, "उत्तमा, ह्या पुण्याच्या मॅडम." तो माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, आता हा बाहेर काढणार, आणि काढलं तर निमूट निघायचं. पण त्यानं पोतं झटकून मला बसायला टाकलं.

घरात कुबट वास होता. भाताची पोती फरशीवर भिंतीकडेला रचलेली, खालची दोन ओलीनं काळी पडलेली. खाट मोकळी होती. तिच्यावर एक वाकळ, आणि वाकळेवर बसून मुलगी पाटीवर काहीतरी गिरवत होती.

मी एकेक प्रश्न विचारत गेले. गोठा किती अंतरावर. दिवा असतो का. मग तो प्रश्न आला. मी कागदाकडे बघूनच विचारला.

"घरातली किती माणसं जमिनीवर झोपतात?"

"कोण न्हाई आता," उत्तम म्हणाला. "मी आन् पोरगी, दोघंबी खाटंवर. भात भिजू दे तिकडं."

मी रकान्यात शून्य लिहिलं. सुवर्णाताईमुळे परत आलेला हा रकाना आता यंत्र वाचणार होतं, आणि त्याच्या हिशेबी हे घर आता वाडीतलं सगळ्यात सुरक्षित घर होतं. मी पान उलटायला लागले, तशी तिनं बोटानं खालचा चौकोन दाखवला.

"शेरा ऱ्हायला, मॅडम."

मुलगी पाटीवरून मान वर करून बघत होती. मी पेन टेकवलं, आणि मला सुचलं ते एवढंच होतं, म्हणून तेवढंच लिहिलं: "आधी तिघं झोपत होती."